क्रेडिट कार्डाचं पत्रक तळापासून वाचा



मॉलच्या दाराशी, पेट्रोल पंपावर, स्टेशनच्या जिन्याखाली गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा उभा असतो. "सर, लाइफटाइम फ्री कार्ड आहे, फक्त दोन मिनिटं." त्याच्या हातातल्या पत्रकावर ठळक अक्षरांत पाचशे रुपयांचं व्हाउचर असतं, सिनेमाच्या एका तिकिटावर दुसरं मोफत असतं, विमानतळावरचा लाउंज असतो. त्याखाली जरा बारीक अक्षरांत वार्षिक फी. आणि व्याजाचा दर? तो अगदी तळाशी, भिंग घेऊन शोधावा असा. तुमच्या खिशावर पडणारा भार मात्र नेमका उलट्या क्रमानं असतो. म्हणून आज आपण हे पत्रक तळापासून वर वाचू.

आधी व्याज. त्यासाठी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: दर महिन्याचं बिल मी पूर्ण भरणार आहे का? उत्तर स्वच्छ 'हो' असेल, तर व्याजाच्या दराशी तुमचा फारसा संबंध येत नाही. उत्तर 'बहुतेक वेळा' किंवा 'जमेल तसं' असं असेल, तर व्हाउचर आणि पॉइंट विसरा आणि पुढचं नीट ऐका.

आपल्याकडे बहुतेक साध्या कार्डांवर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के व्याज असतं. महिन्याचा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. त्याला बारानं गुणलं की वर्षाचे ४२ ते ४५ टक्के होतात, आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. सरकार याला लगाम घालत नाही का, असं पुष्कळ लोक विचारतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्यामुळे दर किती, हे बँकच ठरवते. तो ग्राहकाला आधी स्पष्ट सांगणं मात्र तिला बंधनकारक आहे.

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. समजा, तुमच्या कार्डाचं स्टेटमेंट दर महिन्याच्या १० तारखेला निघतं आणि पैसे भरायची शेवटची तारीख ३० आहे. तुम्ही १५ जूनला ३० हजारांचा फ्रिज घेतला. १० जुलैला बिल आलं. त्यावर दोन आकडे असतात: 'टोटल ड्यू' ३० हजार आणि 'मिनिमम ड्यू' दीड हजार. जुलैत मुलांच्या फीचा खर्च आला, म्हणून तुम्ही ३० जुलैला दीड हजार भरले. लेट फी लागली नाही, बँकेचा फोनही आला नाही. निभावलं, असं वाटलं.

१० ऑगस्टचं स्टेटमेंट उघडलं की खरा हिशोब दिसतो. साडेतीन टक्क्यांच्या दरानं १५ जूनपासून ३० जुलैपर्यंत, म्हणजे ४५ दिवस, पूर्ण ३० हजारांवर व्याज: सुमारे १,५५३ रुपये. पुढचे ११ दिवस उरलेल्या साडेअठ्ठावीस हजारांवर: आणखी ३६१. त्यावर जीएसटी ३४५ च्या घरात. एकूण २,२५९ रुपये. दीड हजार भरूनही बाकी आता ३०,७५९! इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. व्याज धरलंय खरेदीच्या दिवसापासून, बिल भरायच्या तारखेपासून नव्हे. बिनव्याजी मुदत फक्त पूर्ण बिल भरणाऱ्याला असते. ती एकदा गेली की मागची बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही मिळत नाही. त्या काळात कार्डावर आणलेल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज.

आणि या फ्रिजवर पॉइंट किती मिळाले? एक टक्का परतावा देणारं बऱ्यापैकी कार्ड असेल, तर ३०० रुपयांचे.

म्हणून ज्यांना बाकी पुढे ढकलावी लागते त्यांना मी कमी व्याजाचं कार्ड शोधा असं सांगतच नाही. त्यांच्यासाठी इतर वाटा कितीतरी स्वस्त आहेत. स्वतःच्या मुदत ठेवीवर कर्ज काढलं, तर ठेवीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त पडतात. बँकेचं सोनेतारण कर्ज आहे. नोकरदाराला वैयक्तिक कर्जसुद्धा कार्डाच्या निम्म्याहून कमी दरात मिळू शकतं. कार्डावर बाकी साचलीच असेल, तर असं कर्ज काढून ती एकरकमी मिटवा. घरातल्या बायकांच्या पाटल्या-बांगड्या तारण ठेवायला जीव धजावत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पंचेचाळीस टक्क्यांचं ओझं वागवण्यात कसली आलीय अब्रू?

पूर्ण बिल भरायचं ठरवलं असेल, तर ते स्मरणशक्तीवर सोडू नका. बचत खात्यातून पैसे आपोआप वळते करायची सोय करून ठेवा. त्या अर्जावर दोन चौकोन असतात, एक 'टोटल अमाउंट ड्यू' आणि दुसरा 'मिनिमम अमाउंट ड्यू'. घाईघाईत दुसऱ्यावर खूण झाली, की तुम्ही दर महिन्याला वेळेवर पैसे भरताय अशा समजुतीत व्याज चढत राहतं. आज घरी गेल्यावर बँकेचं अ‍ॅप उघडून ही खूण कुठे आहे, ते तेवढं बघा. कधी तारीख चुकलीच, तर घाबरून जाऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही. पगार ज्या तारखेला होतो त्याच्या आधीच बिलाची तारीख येत असेल, तर बिलाचं चक्र बदलून मागा. किमान एकदा तसं करून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे.

आता पत्रकावर थोडं वर सरकू. फी.

'लाइफटाइम फ्री' आणि 'पहिलं वर्ष फ्री' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तोंडी बोलण्यात तो हमखास पुसट होतो. लेखी मागा. समजा, वार्षिक फी ५०० रुपये आहे. जीएसटी धरून झाले ५९०. कार्ड एक टक्का परतावा देतं आणि तुम्हाला दुसरीकडे बिनफीचं, अर्धा टक्का देणारं कार्ड मिळतंय. मग फी भरून तुम्ही जास्तीचा अर्धा टक्का विकत घेताय. ५९० रुपये वसूल व्हायला त्या कार्डावर वर्षाला १ लाख १८ हजार खर्च व्हायला हवा, म्हणजे महिन्याला जवळजवळ दहा हजार. कार्डावर तुमचा महिन्याचा खर्च चार-पाच हजारांचा असेल, तर बिनफीचं कार्ड घ्या आणि विषय संपवा.

यावर विकणारा म्हणतो, "वर्षाला एक लाख खर्च केलात की फी माफ." माफी खरी असते. पण कार्डाचं वर्ष संपत आलं की माणूस ती ५९० रुपयांची माफी गाठायला पंधरा हजारांचा नवा मोबाइल घेतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय?

फीच्या यादीत एक कलम असं आहे की तिथे कुठलंच कार्ड चांगलं नाही: एटीएममधून रोकड काढणं. बहुतेक बँका अडीच टक्के किंवा किमान पाचशे रुपये घेतात. पाच हजार काढलेत, तर जीएसटीसकट ५९० रुपये तिथेच गेले, आणि व्याजाचं मीटर त्याच दिवशी सुरू. मूल परदेशात शिकत असेल, किंवा परदेशी संकेतस्थळांवर तुमची खरेदी चालत असेल, तर 'फॉरेक्स मार्कअप', म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावरचा जादा आकार, किती आहे ते विचारा. सर्वसाधारण कार्डांवर तो साडेतीन टक्के अधिक जीएसटी असतो. काही कार्डांवर दोन टक्के किंवा त्याहून कमी. दुबईतल्या दुकानदारानं "रुपयांत बिल करू का?" असं आपुलकीनं विचारलं, तर नको म्हणा. तिथल्याच चलनात भरा, नाहीतर तो सांगेल तो दर पत्करावा लागतो.

एवढं सगळं पार करून आलात, की मग पत्रकाचा वरचा, रंगीत भाग. पॉइंट.

पॉइंट किती मिळतात हे विचारू नका. एका पॉइंटची किंमत किती पैसे, ते विचारा. 'दर १५० रुपयांना ४ पॉइंट' ऐकायला भरघोस वाटतं. पॉइंट २५ पैशांचा असेल, तर १५० रुपयांवर मिळाला एक रुपया. म्हणजे पाऊण टक्कासुद्धा नाही. दुसरं कार्ड सरळ एक टक्का कॅशबॅक देत असेल आणि तो बिलातूनच वजा होत असेल, तर ते केव्हाही चांगलं आहे. पॉइंट वापरायला बऱ्याच बँका ९९ रुपये अधिक जीएसटी अशी फीसुद्धा घेतात. चारशे रुपयांचे पॉइंट वटवताना त्यातले ११७ गेले. शिवाय पॉइंटांना मुदत असते, आणि ती उलटली की ते गुपचूप बाद होतात.

मग पाहायचं की कशावर पॉइंट मिळत नाहीत. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा, विम्याचे हप्ते, विजेचं बिल यांतलं काही ना काही वगळलेलं असतंच. घरभाडं कार्डानं भरता आलंच, तर बहुतेक बँकांत वर साधारण एक टक्का फी लागते ती वेगळीच. मध्यमवर्गीय घराचा मोठा खर्च नेमका याच यादीत असतो. म्हणून मागच्या तीन महिन्यांचं पासबुक काढा आणि कार्डावर जाऊ शकेल असा खर्च कुठे होतो, ते बघा. किराणा, औषधं, ऑनलाइन खरेदी, रेल्वेची तिकिटं. जिथे रक्कम मोठी, तिथे परतावा देणारं कार्ड तुमचं. सांगलीत राहून वर्षातून एखादवेळी विमानात बसणाऱ्यानं लाउंजसाठी दोन-तीन हजारांची फी भरायची म्हणजे हौसेला मोल नाही एवढंच म्हणता येईल. शिवाय आता पुष्कळ कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल, तरच लाउंजचं दार उघडतं. पेट्रोलचं कार्ड एखाद्या तेल कंपनीशी जोडलेलं असतं. तुमच्या रोजच्या रस्त्यावर त्या कंपनीचा पंप आहे का? नसेल, तर दहा किलोमीटर वाकडी वाट करून मिळवलेला परतावा टाकीतच जळतो.

हे पॉइंट येतात कुठून, हेही जाता जाता सांगतो. दुकानदार प्रत्येक व्यवहारावर बँकेला शुल्क देतो, आणि 'मिनिमम ड्यू' भरणारे व्याज देतात. पूर्ण बिल भरणाऱ्याची मौज चालते ती या दोघांच्या जिवावर. बँकेला ते मंजूर आहे. आपण कोणत्या रांगेत उभं राहायचं, ते आपलं आपण ठरवायचं.

'नो कॉस्ट ईएमआय'बद्दल श्रोत्यांची पत्रं नेहमी येतात. त्यात व्याज नसतं असं नाही. विक्रेता व्याजाएवढी सूट आधी देतो आणि बँक ते व्याज हप्त्यांत लावते. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र तुमच्या माथी येते. एकरकमी पैसे दिले तर तीच सूट रोख मिळेल का, असं दुकानात एकदा विचारून बघा. कधीकधी मिळते.

रुपे क्रेडिट कार्ड आता यूपीआयला जोडता येतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला क्यूआर कोड स्कॅन करून पैसे कार्डावर टाकता येतात. सोय उत्तम. पण चहा, भाजी, रिक्षा असं वीस-पन्नास रुपयांचं बिल महिनाअखेर सहा हजार झालेलं मी पाहिलं आहे. या सोयीपुरती अ‍ॅपमध्ये रोजची मर्यादा घालून ठेवा.

पगाराची पावती नाही, गृहिणी आहात, किंवा नुकतीच कमाई सुरू झाली आहे, तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड मागा. १५-२० हजारांच्या ठेवीवरही काही बँका ते देतात, लिमिट ठेवीच्या ८०-९० टक्के असतं, आणि ठेवीवरचं व्याज चालूच राहतं. वर्षभर पूर्ण बिलं भरलीत, लिमिटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत खर्च ठेवलात, की सिबिलचा स्कोअर उभा राहतो आणि पुढे घरकर्जाला उपयोगी पडतो.

शेवटी, नको असलेल्या कार्डाविषयी. तुमची संमती नसताना बँकेला कार्ड देता येत नाही. तसं कार्ड देऊन त्यावर आकार लावला, तर तो परत करून वर त्याच्या दुप्पट दंड बँकेनं तुम्हाला द्यायचा असतो. जुनं कार्ड बंद करायचं असेल तर आधी पॉइंट वापरून टाका, बाकी शून्य करा आणि मग लेखी किंवा ईमेलनं अर्ज करा. बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायला हवं. त्यापुढे बंद होईपर्यंत प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये तिनं तुम्हाला द्यायचे. फोनवरची मुलगी "मॅडम, फी माफ करते, कार्ड राहू द्या" असं म्हणेल. फी नेमकी किती वर्षांची माफ, एवढं ईमेलवर पाठवायला सांगा. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८. तिथे मराठीतही बोलता येतं. अर्जाची प्रत आणि तारीख तेवढी जवळ ठेवा.