मनाची तपासणी आणि विम्याचा कागद
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील निवेदन)





गेल्या वर्षी एका रुग्णभगिनीचे यजमान आमच्या खिडकीपाशी एक कागद घेऊन आले. पत्नीची स्थूलतेवरील शस्त्रक्रिया पुण्यास सुखरूप पार पडली होती आणि विमा कंपनीने मुख्य बिल मान्यही केले होते. मात्र त्याआधी अवसरी बुद्रुक येथे आपल्याकडे झालेल्या मानसशास्त्रीय मूल्यमापनाचे बिल नामंजूर झाले होते. त्यांचा प्रश्न साधा होता : ‘डॉक्टरांनीच सांगितलेली तपासणी अनावश्यक कशी?’

ही तपासणी अनावश्यक नाही. शस्त्रक्रियेने जठर लहान होते. खाण्याची सवय मात्र मनात असते. नैराश्य, व्यसन वा अनिर्बंध खाणे आहे काय, आयुष्यभर पथ्य व जीवनसत्त्वे सांभाळण्याची तयारी आहे काय, घरच्यांची साथ आहे काय, हे आधी पाहावे लागते. ‘आमच्या सुनेला वेड लागले आहे का?’ असे विचारणाऱ्या सासूबाईंनाही आम्ही हेच सांगतो.

अडचण नियमांच्या सांध्यात आहे. विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरविलेल्या प्रमाणित अटींनुसार अठरा वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या रुग्णाचा बीएमआय ४० किंवा अधिक असल्यास, अथवा ३५ किंवा अधिक असून अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार वा तीव्र निद्राश्वासरोध यांसारखा आजार असल्यास व सौम्य उपाय निष्फळ ठरले असल्यास ही शस्त्रक्रिया ग्राह्य धरता येते. त्याच अटींत, चालू आजाराशी संबंध नसलेल्या तपासण्यांचा खर्च वगळलेला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मानसिक आजाराच्या उपचारास शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देण्यास सांगतो. परंतु हे मूल्यमापन आजाराचा उपचार नसून शस्त्रक्रियेची पूर्वतयारी आहे. म्हणून तो संबंध कागदावर स्पष्ट दिसावा लागतो.

आमच्या कागदावर तो दिसत नव्हता. बिलावर केवळ ‘समुपदेशन शुल्क’ असे लिहिले होते आणि शल्यविशारदांची चिठ्ठी जोडलेली नव्हती. शिवाय पॉलिसीत दाखल होण्यापूर्वीच्या ३० दिवसांचा खर्च मिळत असता आम्ही ४० दिवस आधीची तारीख दिली होती. कागद दुरुस्त करता आला. तारीख बदलता येत नव्हती आणि बदलणे योग्यही नव्हते. चूक आमची होती. विश्वस्तांच्या संमतीने ते शुल्क आम्ही परत केले.

आता तारीख देण्यापूर्वी पॉलिसी पाहिली जाते. बिलावर शस्त्रक्रियेचे नाव व मूल्यमापनाचा हेतू लिहिला जातो. चिठ्ठी व अहवाल सोबत दिले जातात. तरीही दावा नाकारल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. महिनाभरात समाधान न झाल्यास पुण्यातील विमा लोकपालांकडे जाता येते. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत हे करावे. त्यास शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. अर्ज लिहिण्यास आमचे कर्मचारी साहाय्य करतील.

ज्यांच्याकडे विमाच नाही, त्यांच्यासाठी ही तपासणी पैशांअभावी अडू नये, एवढीच देणगीदारांस नम्र विनंती. आपल्या एका रुपयाचाही हिशेब या अहवालात असतो. चुकलेल्या कागदाचाही असावा, म्हणून हे निवेदन.