ग्रंथकारांचा मुखत्यार

धान्याला अडत्या असतो, घराला दलाल असतो. पण कादंबरीलाहि असा कोणी मध्यस्थ असतो, हें ऐकून कित्येक श्रोत्यांना नवल वाटेल. लंडनांत ए. पी. वॅट यांनीं हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतच नांवारूपाला आणला होता. दलाली शेंकडा दहा. त्याच वाटेनें १८९६ सालीं जेम्स ब्रँड पिंकर निघाले. पूर्वीं ते वृत्तपत्रें व मासिकें यांच्या कचेऱ्यांतून काम करीत असत. कोणता मजकूर कोठें खपतो, हें त्यांना अचूक ठाऊक होतें. लेखकाच्या वतीनें प्रकाशकाशीं करार करावा, मासिकाचे, पुस्तकाचे व अमेरिकेंतील हक्क निरनिराळे विकावे, आणि हातीं आलेल्या पैशांतून दहावा हिस्सा ठेवून बाकीचे लेखकाला पोंचवावे, असें हें काम. प्रकाशकांना हा तिऱ्हाईत आवडेना. आवडणार कसा ? करार न वाचतां सही करणारा लेखक त्यांना अधिक सोयीचा !

पिंकर यांची कसोटी लागली ती जोसेफ कॉनरॅड यांच्यापायीं. जन्मानें पोलिश, पूर्वीं दर्यावर्दी असलेला आणि विशींत शिकलेल्या इंग्रजींत लिहिणारा हा कादंबरीकार १९०० मध्यें त्यांच्याकडे आला. जाणते वाचक वाखाणीत, पण पुस्तकें खपत नसत. त्यांत लेखन सावकाश, प्रकृति नाजूक आणि हात सढळ. न लिहिलेल्या पुस्तकांच्या भरंवशावर पिंकर पैसे पुरवीत राहिले. १९१० पर्यंत ही उचल दोन हजार पौंडांवर गेली. तेवढी रक्कम दलालींतून मिळवायची, तर वीस हजारांचें लेखन विकावें लागतें !

त्या वर्षाच्या जानेवारींत दोघांचें कडाक्याचें भांडण झालें. पिंकर यांनीं कॉनरॅड यांच्या इंग्रजी बोलण्यावर बोट ठेवलें. रक्कम कितीहि मोठी असो, हें बोलणें सावकारालाहि शोभणारें नव्हतें. कॉनरॅड त्यानंतर कित्येक आठवडे अंथरुणाला खिळले. तरीहि व्यवहार तुटला नाहीं. ‘चान्स’ ही कादंबरी १९१२ मध्यें न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रांत क्रमशः आली, १९१४ मध्यें पुस्तकरूपानें हातोहात खपली, आणि पुढें जुना स्नेहहि परतला.

१९२२ मध्यें पिंकर न्यूयॉर्क येथें वारले. पेढी मुलांकडे आली. त्यांतील एरिक यांनीं न्यूयॉर्कमध्यें हाच धंदा चालविला. आणि लोकप्रिय कादंबरीकार ई. फिलिप्स ओपनहाइम यांचे पैसे लुबाडल्याबद्दल १९३९ मध्यें त्यांना तुरुंगांत जावें लागलें.