कर्नेलमधले कार्यकर्ते

'तुम्ही ऑफिसात नक्की करता तरी काय?' असं बरेच जण विचारतात, म्हणून सांगतो. लिनक्सच्या कर्नेलमध्ये 'केवर्कर' नावाचे थ्रेड असतात. आपल्या मंडळातल्या कार्यकर्त्यांसारखे, पडेल ते काम करणारे. २०१० साली तेजुन हेओ यांनी त्यांचे सामायिक ताफे केले. छानच झालं. पण समजा, आठ कोअरच्या यंत्रावर सहा कोअर फोनवरच्या आवाजासाठी राखून ठेवले आणि तिथे एखादा केवर्कर घुसून रेंगाळला, तर आवाज मध्येच तुटतो. आईशी बोलताना तुटलेला शब्द म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको!

बरं, त्याला 'टास्कसेट'ने हलवावं तर कर्नेल साफ नकार देतो. तेही बरोबरच आहे. तो आत्ता एकाचं काम करतोय, घटकेनं दुसऱ्याचं; एकट्याला बांधून उपयोग काय? म्हणून २०१५ च्या ४.२ आवृत्तीपासून सगळ्या मोकळ्या केवर्करांना मिळून एकच मास्क लावता येतो. त्यात ३ लिहिलं, की सगळे कोअर ० आणि १ वर. मूळच्याच एकेका कोअरला बांधलेले केवर्कर मात्र जागचे हलत नाहीत. त्यांच्याकडे काम जाऊ न देणं, एवढंच आपल्या हातात.