राखणीच्या कुत्र्याची जखम : घरी किती, डॉक्टरकडे कधी

आम्ही पशुसखी. एरवी आम्ही शेळीचं जंताचं औषध, करडांची वाढ, कोंबड्यांची लस यावर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. गटाच्या बैठकीत हा विषय निघतो, पण कागदावर कधी येत नाही. राखणीचं कुत्रं जखमी झालं, तर घरी काय करायचं आणि डॉक्टरला पैसे कधी द्यायचे?

आधी एक सरळ गोष्ट. कुत्र्यावर पैसे घालायचे म्हटलं की घरात पहिला सवाल येतो, "कुत्र्याला कुठं दवाखाना असतो का?" शेळी आजारी पडली तर हा सवाल येत नाही, कारण शेळीची किंमत बाजारात ठरते आणि कुत्र्याला बाजार नाही. पण रात्री गोठ्याबाहेर कोण असतं? चरायला गेलेल्या शेळ्यांच्या पुढे कोण धावतं? भात निसवल्यावर डुकरं शिरली की आधी कोण ओरडतं? ज्यांचे धनगरवाडे डोंगराच्या धारेवर आहेत त्यांना हे सांगायची गरजच नाही. त्यांच्याकडे खंडोबाच्या चित्रातसुद्धा घोड्याबरोबर कुत्रं असतंच.

बिबट्याचं तर आपण ऐकतोच. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासून तो काय खातो ते पाहिलं होतं. त्याच्या खाण्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के निघाला, आणि शेळीचा त्यापेक्षा बराच कमी, ११ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त होत्या, तरी. म्हणजे आपल्या दावणीकडे येणारं संकट पुष्कळदा कुत्र्यावरच थांबतं. म्हणून तर मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. बिबट्या मान धरतो, पट्ट्याने मान वाचते. पट्टा महाग वाटत असेल तर एका करडाच्या किमतीशी ताडून बघा.

आणि वन खात्याच्या नुकसानभरपाईच्या यादीत गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी आहेत. कुत्र्याच्या नावाने काही मिळेल असं धरून चालू नका. कुत्र्याचा खर्च आपलाच.

आता जखमांकडे येऊ. आपल्या भागात जखमा कशाने होतात ते आपण जाणतो. डुकराच्या सुळ्याने पोट नाहीतर मांडी फाटते. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात पाय नाहीतर कंबर अडकते. जुन्या हायवेवर गाडीची धडक बसते. आणि पावसाळ्यात फुटलेल्या बाटल्या! शनिवार-रविवारी धबधब्याला, धरणाच्या काठाला माणसं येतात, सोमवारी आपल्या जनावरांचे पाय कापतात. कुत्र्याच्या पंज्याची गादी कापली की रक्त फार येतं, पण ती जखम बहुतेक वेळा घरी सांभाळता येते. तिथूनच सुरुवात करू.

जखमी कुत्रं कितीही मायेचं असलं तरी वेदनेत चावतं. आधी जुन्या लुगड्याची पट्टी घ्या, तोंडाभोवती दोन वेढे द्या, कानामागे गाठ मारा. धाप लागलेली असेल किंवा ओकत असेल तर तोंड बांधायचं नाही. मग स्वच्छ कपड्याची घडी जखमेवर ठेवून हाताने दाबून धरा, पूर्ण दहा मिनिटं. मध्ये उचलून बघायचं नाही. बघितलं की बसलेली गाठ सुटते. रक्त थांबलं की उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. एक लिटर पाण्यात सपाट दोन छोटे चमचे मीठ, बस्स. काच, काटा वर दिसत असेल तर काढा. आत खोल रुतलेलं असेल तर ओढू नका. त्यानंतर पोविडोन आयोडीन पाण्यात घालून पातळ कोऱ्या चहाच्या रंगाचं करा आणि लावा. ही छोटी बाटली प्रत्येक गटाच्या पेटीत असावी. पट्टी सैल बांधा आणि रोज बदला. आपल्याकडच्या पावसात ओली पट्टी तीन दिवस पायावर राहिली तर जखमेपेक्षा पट्टीच पाय सडवते. कुत्रं चाटू नये म्हणून जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापून गळ्यात अडकवा. पोरं हसतात, हसू देत.

हळद? वरवरच्या खरचटण्याला स्वच्छ हळद लावली तर आमची ना नाही. पण खोल जखमेत हळदीचा गोळा भरला की वर पापुद्रा धरतो आणि आत घाण तशीच राहते. आपल्या आज्या जे करत आल्या ते सगळं खोटं, असं आम्ही म्हणणार नाही. पुण्यातली 'अंथ्रा' ही संस्था स्त्री पशुवैद्यकांनी १९९२ साली सुरू केली. गावातल्या बायकांना जनावरांबद्दल असलेली माहिती त्यांनी गोळा केली, तपासली, आणि बायकांनाच प्रशिक्षण दिलं. तपासून घेतलेलं ज्ञान आणि "आमच्याकडे असंच करतात" यात फरक आहे, इतकंच.

कारण "असंच करतात" मध्ये काय काय येतं बघा. जखमेत किडे पडले की डांबरगोळीची पूड भरतात. जळकं ऑइल ओततात. रॉकेल लावतात. गोचिडाचं औषध पाण्यात न मिसळता तसंच चोपडतात. कुत्रं हे सगळं चाटतं आणि पोटात घेतं. डांबरगोळीने रक्त आणि यकृत बिघडतं. मग दोन दिवसांनी कुत्रं मरतं, आणि आपण म्हणतो किड्यांनी मेलं. सीताफळाचा पाला वाटून लावायची रीत जुनी आहे, पण बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला फार इजा होते. तोंडाजवळच्या जखमेला ती नकोच.

किड्यांचं असं आहे, की ते आठवड्याने पडत नाहीत. माशीने अंडी घातली की बहुधा एका दिवसात अळ्या निघतात. म्हणून पावसाळ्यात जखम सकाळ-संध्याकाळ उजेडात बघायची. दोन-चार अळ्या वर दिसल्या तर चिमट्याने काढून, धुऊन, औषध लावता येतं. पण जखमेला भोक पडलंय, वास येतोय, आत वळवळ दिसतेय, म्हणजे वर दहा तर आत शंभर. ते काम डॉक्टरांचं. कान, डोळा, शेपटीखालची जागा इथे किडे असतील तर एक दिवसही थांबू नका.

आणि गोळ्या. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. आपल्या अंगदुखीची गोळी कुत्र्याला द्यायची नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड बंद पडतं. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी वापरायला आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे, कारण ते औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं संपत आली. म्हशीचं उरलेलं इंजेक्शन अंदाजाने टोचणं हाही तसलाच प्रकार. आठ आणे वाचवायला गेलं आणि राखणदार गमावला, असं होतं.

मग डॉक्टर कधी? आम्ही एक खूण सांगतो, ती फुकट आहे. कुत्र्याचा ओठ वर करा आणि हिरडी बघा. गुलाबी असेल तर बरं. अंगठ्याने दाबून सोडा, दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. हिरडी पांढरी पडली असेल, तर बाहेर थेंबभर रक्त नसलं तरी आत रक्त जातंय. गाडीने उडवलेलं कुत्रं उठून चालतं, घरी येतं, आणि रात्रीत मरतं, ते यामुळे. तेव्हा पांढरी हिरडी म्हणजे ताबडतोब डॉक्टर. पोट फाटून आतडं बाहेर आलं तर ते आत ढकलू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं गुंडाळा आणि निघा. हाड मोडलं असेल तर फळीवर, घोंगडीवर झोपवून न्या. फास कंबरेत रुतला असेल, छातीला भोक पडून श्वास लागला असेल, साप चावून तोंड सुजलं असेल, तर घरचे उपाय संपले. साप चावलेल्या जागी चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. फाटलेल्या जखमेला टाके घालायचे असतील तर सहा-आठ तासांच्या आत घातलेले बरे. "सकाळी बघू" म्हटलं की स्वस्तातलं काम महागात जातं.

खर्चाचं म्हणाल, तर पहिला फोन खाजगी डॉक्टरला कशाला? सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्रंही दाखवता येतं, फी नाममात्र असते. १९६२ या टोल फ्री नंबरवर फिरत्या पथकासाठी फोन करता येतो. कुठे यायचं, केव्हा येतील, फी किती, हे फोनवरच विचारून घ्या. औषध बाहेरून आणायला लागू शकतं, तेवढी तयारी ठेवा. खाजगी डॉक्टरकडे गेलात तर बिचकू नका. "आमच्याकडे एवढे पैसे आहेत, यात काय होईल?" असं आधीच विचारा. चांगला डॉक्टर याला रागावत नाही. टाके आणि इंजेक्शन एवढंच करून, ड्रेसिंग आपण घरी करायचं, असंही ठरवता येतं. ते तर आपल्याला येतंच.

आमच्या गटात आम्ही वेगळी पेटी ठेवली. ज्यांच्याकडे राखणीचं कुत्रं आहे त्या प्रत्येकीने महिन्याला २० रुपये घालायचे. एकदा डुकराने फाडलेल्या कुत्र्याला सतरा टाके पडले, बिल झालं २,४०० रुपये. निम्मे पेटीतून, निम्मे घरातून. घरचे कारभारी दोन दिवस बोलले नाहीत. त्या मावशी म्हणाल्या, "न बोलेनात. शेळ्या तर बोलतायत ना." पण दुसरी बाजूही सांगतो. एका काकूंच्या कुत्र्याचा कणा हायवेवर मोडला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पैसे घालून उभं राहणार नाही. तेव्हा इंजेक्शन देऊन त्याला शांत करायचा निर्णय झाला. पेटीतून तेही पैसे दिले, आणि कुणी हिशेब मागितला नाही. तसं जनावर रानात नेऊन सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते वाईटच.

आता शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यात मोठं. कुत्र्याची जखम घरी धुतं कोण? आपण. भाकरी थापलेल्या, कोळपणीने चिरलेल्या, विळा लागलेल्या हातांनी. ती जखम दुसऱ्या कुत्र्याने, कोल्ह्याने, मुंगसाने केलेली असेल, तर रेबीजची शंका मनात धरलीच पाहिजे. पिसाळलेल्या जनावराची लाळ आपल्या हातावरच्या उघड्या चिरेत गेली तरी धोका आहे, चावायलाच हवं असं नाही. आणि रेबीज एकदा अंगात दिसायला लागला की त्यावर औषध नाही. म्हणून हातमोजे, नसतील तर दुधाच्या धुतलेल्या पिशव्या हातात चढवा. लाळ लागली, चावलं, ओरखडलं, तर साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. त्यावर चुना, मिरची, हळद काही नाही. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. तिथे लस मोफत मिळते. कार्डावर लिहिलेल्या सगळ्या तारखांना जायचं, लावणी असली तरी. पहिला डोस घेऊन बरं वाटतंय म्हणून थांबलेल्या बाया आम्हाला माहीत आहेत, त्यांना आम्ही हाताला धरून परत नेलं.

कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि मग दरवर्षी. कुत्रं चावून घेऊन आलं असेल आणि लस झालेली नसेल, तर त्यालाही लगेच डॉक्टरांकडे न्यायचं. लक्षणं आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही दिसतात. राखणीचं कुत्रं एकाएकी खूप लाळ गाळायला लागलं, खालचा जबडा लोंबला, घरच्यांनाच अंगावर यायला लागलं, तर घशात हाड अडकलंय म्हणून तोंडात हात घालायचा नाही. पोरांना घरात घ्या, दार लावा आणि फोन करा.

२८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमाराला लसीकरणाची शिबिरं होतात. आपापल्या ग्रामपंचायतीत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात आत्ताच जाऊन विचारा की आपल्या वस्तीसाठी शिबिर लावता येईल का. गटाच्या नावाने अर्ज द्या, त्यात कुत्र्यांची संख्या लिहा, कोणाच्या घरी किती तेही लिहा. बेवारस कुत्र्यांना वेगळ्या ओळीत धरा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. आमचा नमुना अर्ज ज्यांना हवा असेल त्यांनी गुरुवारच्या बाजाराला कोणत्याही पशुसखीकडे मागावा. आमच्या पिशवीत प्रती असतात.