खरी ब्राह्मी कोणती?

श्रोतेहो, आरंभींच एक चूक कबूल करतों. शिक्षक असतां कित्येक वर्षें मीं मुलांस ओढ्याकांठीं नेलें, वाटोळ्या, दंतुर कडेच्या, लांब देंठाच्या पानांची एक जमिनीलगत पसरणारी वेल दाखविली आणि "ही ब्राह्मी" असें सांगितलें. ती होती मंडूकपर्णी, आपल्याकडील कारिवणा. पुष्कळ लोक तिलाच ब्राह्मी म्हणतात, हें खरें. पण मास्तरानें तरी पाहून बोलावें! भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशांत या दोन वनस्पती निरनिराळ्या दिल्या आहेत.

दोघींनाहि ओल प्रिय, म्हणून घोटाळा होतो. ब्राह्मीचें पान नखाएवढें, मांसल, टोंकाकडे रुंद. देंठ जवळजवळ नाहींच. पानें समोरासमोर येतात. फूल पांढरें किंवा फिकट निळसर, पांच पाकळ्यांचें, पानाच्या बगलेंत एकेकटें. मंडूकपर्णीचीं फुलें इतकीं बारीक कीं शोधावीं लागतात.

लागवडीस बीं नको. बोटभर लांबीचे, पेरीं असलेले तुकडे चिखलांत दाबावे. पेऱ्यापेऱ्यास मुळें फुटतात. माती सुकूं देऊं नये. उथळ, पसरट कुंडी उत्तम. वाफ्यांत मोकळी सोडल्यास ती शेजारचा वाफाहि व्यापते.

गटारकांठची ब्राह्मी मात्र कधींहि खुडूं नये. घाण पाण्यांतील कॅडमियमसारखे विषारी धातु ती आपल्या अंगांत सांठविते.

माझे जुने विद्यार्थी ऐकत असतील, तर वहींत चिकटविलेल्या त्या वाटोळ्या पानाखालचें नांव खोडून त्यांनीं "मंडूकपर्णी" असें लिहावें.