शिट्टी वेळेवर वाजावी



श्रावण सरू लागला की आपल्या नांदेड-लातूरकडे शाळांच्या क्रीडास्पर्धांचे दिवस येतात. तालुक्याच्या गावी चुन्याच्या रेषा आखल्या जातात, टेम्पो भरभरून मुले-मुली येतात आणि मैदानावर ‘कबड्डी, कबड्डी’चा दम घुमू लागतो. आपण सारे कडेला उभे राहून ओरडतो. आज मी बोलणार आहे ते त्या गलक्यात ज्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, त्या माणसाविषयी. म्हणजे पंचाविषयी.

काही वर्षांपूर्वी असाच एक सामना मी पाहत होतो. पाहुण्या शाळेचा एक किडकिडीत मुलगा चढाईला आला. कोपऱ्यातल्या गड्याने त्याच्या गळ्यात हात घातला, वरून तिघे पडले. शिट्टी वाजली, पण मुलगा खाली दबल्यावर. कुणी पाणी घेऊन धावले, कुणी त्याला दंडाला धरून ओढून उभे केले. दैव बलवत्तर म्हणून मान वाचली. खांद्याचे हाड मात्र मोडले आणि पोराची सहामाही परीक्षा हुकली. पंच होते यजमान शाळेचेच एक शिक्षक. संध्याकाळी ते मला म्हणाले, “सर, गळ्यातला हात मला आधीच दिसला होता हो. पण आमच्याच पोराविरुद्ध शिट्टी वाजवली असती, तर गावानं मला सोडलं असतं का?”

श्रोतेहो, हे वाक्य मला अजून टोचते. तो माणूस वाईट नव्हता, एकटा होता.

नियम काय सांगतो ते पाहा. चढाई करणाऱ्याला धरायचे ते हातापायाला किंवा धडाला. त्याचे तोंड दाबणे, गळा आवळणे, केस वा कपडे ओढणे, पायांची कैची घालणे, हे सारे नियमबाह्य. नखे कापलेली हवीत, अंगावर दागिना नको. हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे त्या सामन्यातून सुट्टी. म्हणजे मुलांना जपण्याची सोय नियमातच आहे. ती अमलात आणायला दोन पंच आणि त्यांच्यावर एक सरपंच असतो. गावच्या सरपंचासारखाच हाही साऱ्यांचा असायला हवा, एका आळीचा नव्हे.

पण आजकाल ओढ मोठी आहे. शालेय स्पर्धांत यश मिळाले, तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. त्यामुळे एकेका गुणासाठी पालक हातघाईवर येतात. त्यात 2014 पासून प्रो कबड्डीचे सामने घरोघर दिसतात. तिथली झेप, तिथली धडक पोरे इथे करून पाहतात. तिथे खाली मॅट असते हो! इथे आपली काळी माती. पावसाने उघडीप दिली की ती दगडासारखी होते.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे ठाऊक होते. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले. असे मल्ल ज्या मातीत घडले, ती माती खणून, चाळून, तेल-ताक घालून मऊ केलेली असे. पैलवान पडणार हे गृहीत धरूनच आखाडा तयार होई. मग कबड्डीच्या पोरांनीच खडकावर का पडावे?

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, थोड्या गोष्टी कराच. सामन्याच्या आदल्या दिवशी मैदान खणा, खडे वेचा, पाणी शिंपडा. यजमान शाळेच्या सामन्याला दुसऱ्या शाळेचे पंच नेमा. वर्षातून एकदा तालुक्यातल्या पंचांनी एकत्र बसून नियमपुस्तक वाचावे आणि मैदानावर एकमेकांची चूक दाखवावी. वय-वजनाची तपासणी कागदापुरती करू नका. दांडगा गडी लहानग्यांत घुसवून मिळवलेली ढाल शाळेच्या कपाटात शोभत नाही.

आणि मुलगा पडलाच, तर घाई नको. मान किंवा पाठ दुखते म्हणाला, तर त्याला उठवू नका, हलवू नका; 108 ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. डोक्याला मार लागून भोवळ आली, तर नंतर तो कितीही “बरा आहे सर” म्हणाला, तरी त्या दिवशी त्याला पुन्हा उतरवू नका. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच मग मैदान.

आता गावकरी मंडळींना एकच विनंती. पंचाने तुमच्या पोराविरुद्ध शिट्टी वाजवली, तर क्षणभर थांबा. तीच शिट्टी उद्या तुमच्याच पोराचा गळा सोडवणार आहे. सामना हरला तर पुढच्या वर्षी पुन्हा खेळता येतो. मोडलेली मान पुन्हा जोडून मिळत नाही.

पुढच्या खेपेला मैदानाच्या कडेला उभे राहाल, तेव्हा एकदा पंचालाही हाक द्या. म्हणा, “गुरुजी, बिनधास्त वाजवा. आम्ही आहोत.”