खिडकी बंद, तरी वारा आत

बाहेर पावसाळी वारा सुटतो आणि घट्ट लावलेल्या खिडकीतूनही बारीक शिट्टी ऐकू येते. यूपीव्हीसीची खिडकी जुनी झाली की हे व्हायचंच. तेवढ्यावरून अख्खी खिडकी बदला म्हणणाऱ्याचं लगेच ऐकू नका.

आधी वारा शिरतो कुठून, ते शोधा. पंखा बंद करा, पडदे बाजूला घ्या आणि पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेकडेने हळूहळू फिरवा. धूर जिथे वाकडा होईल तिथे फट. झडप आणि चौकट यांच्यामध्ये ती असेल, तर बहुधा काळी रबरी पट्टी, म्हणजे गॅस्केट, कडक होऊन आक्रसलेली असते. कोपऱ्यात तर चक्क मागे सरकलेली दिसते. तिचा बोटभर तुकडा कापून दुकानात न्या. खाचेत बसणारा मागचा भाग तंतोतंत जुळायला हवा. नवी पट्टी ओढूनताणून बसवू नका, ती पुन्हा आखडते. सरकत्या खिडकीत मात्र केसाळ ब्रशपट्टी असते, ती झिजते.

पट्टी चांगली, तरी झडप सैल? बऱ्याच खिडक्यांत कडेचे कुलपाचे गोल खुंटे ॲलन कीने किंचित फिरवले की झडप घट्ट बसते.

भिंतीलगतची फट न्यूट्रल सिलिकॉनने भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही. आणि चौकटीच्या खालची बारीक भोकं? ती पाणी बाहेर जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेली असतात. बुजवलीत, तर पुढच्या सरीचं पाणी थेट खोलीत येईल.